मदत हवी आहे: संत्रा बर्फीच्या चवीची पेस्ट्री स्टाउट, साल कधी घालावी?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत ब्रुअरचा सहायक आहे. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की आम्हाला पेस्ट्री स्टाउट, म्हणजे मिठाईच्या चवीची गडद बिअर करायची आहे. काळी, दाट, गोड आणि पहिल्याच घोटाला आपल्याकडची संत्रा बर्फी आठवावी अशी.

बर्फी थेट टाकायची नाही, एवढे पक्के आहे. खव्यातील स्निग्धांशाने फेस बसतो आणि बर्फीतील साखर यीस्ट खाऊन टाकते, म्हणजे गोडवा उरत नाही, अल्कोहोल मात्र वाढते. गुळाचेही तेच. त्यामुळे दुधाळ गोडव्यासाठी लॅक्टोज (दुधातील साखर) वापरणार आहोत, कारण बिअरच्या यीस्टला ते पचत नाही; इंग्लंडमधील मिल्क स्टाउट याच तत्त्वावर उभी आहे. ज्यांना दुधातील साखर सोसत नाही, त्यांच्यासाठी मेन्यूवर तशी सूचना अर्थातच असेल.

पहिली अडचण दाटपणाची आहे. परदेशातील पेस्ट्री स्टाउटमध्ये अल्कोहोल बहुधा १० टक्क्यांच्या पुढे असते आणि तिचा जडपणा बराचसा तिथूनच येतो. आपल्या नियमांत बिअरला ८ टक्क्यांची मर्यादा आहे. मॅश (गरम पाण्यात भिजवलेले भरडलेले माल्ट) ६८–६९ अंश सेल्सिअसवर ठेवून आणि ओट्स वाढवून ही उणीव कितपत भरून निघेल? लॅक्टोज किती झाले की जिभेवर चिकट लागते? भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा हा गोडवा तोलून धरेल, असे मला वाटते, पण प्रमाणाचा अंदाज येत नाही.

दुसरी आणि खरी अडचण सालीची. बेल्जियन विटबिअरच्या (गव्हाच्या बिअरच्या) कृतींत कुरासाओ या कडू संत्र्याची सुकवलेली साल उकळीत टाकतात, पण नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते. ती नुसती दुमडली तरी तेलाचा बारीक फवारा उडतो आणि बोटांना तो वास बराच वेळ राहतो. मला नेमका तोच वास ग्लासात हवा आहे. उकळीत तो वाफेबरोबर निघून जाणार, हे उघड आहे. म्हणून आतला पांढरा, कडू थर टाळून फक्त वरची केशरी साल किसायची आणि आंबवण संपल्यावर थंड टाकीत जाळीच्या पिशवीतून सोडायची, असा विचार आहे. मात्र सालीतील तेलानेही फेस बसेल का? पिशवी किती दिवसांनी काढावी? ५०० लिटरला ताज्या सालीचे किती ग्रॅम घेऊन सुरुवात करावी?

ज्यांनी ताजी लिंबूवर्गीय साल काळ्या बिअरमध्ये वापरली आहे, त्यांनी कृपया प्रमाण आणि तापमानासह लिहावे.