मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांसाठी खोके आणि जाहिरात यांची आखणी कशी करावी?

नमस्कार.

माझे मामा कोल्हापुरात हाताने चपला तयार करतात. आजवर त्यांचा सगळा माल दुकानदारांमार्फत विकला गेला. त्यामुळे वेष्टन आणि जाहिरात या दोन्ही गोष्टी दुकानदारच पाहत आले आणि करणाऱ्याचे नाव ग्राहकापर्यंत कधी पोहोचले नाही. आता थेट ऑनलाइन विक्री सुरू करायचे घरात ठरले असून खोके कसे असावे, त्यावर काय लिहावे आणि लोकांपुढे कसे जावे याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वेष्टनरचना, छपाई किंवा कपडे-पादत्राणांच्या व्यवसायाचा अनुभव असलेल्यांचे मार्गदर्शन मला हवे आहे.

या कामाकडे मी इतक्या गांभीर्याने का पाहतो, ते आधी सांगतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, तेव्हा त्यांचा उल्लेख केवळ चामड्याच्या सँडल असा झाला होता. महाराष्ट्रातून आक्षेप घेतले गेल्यावर कंपनीने कोल्हापुरीचे ऋण मान्य केले, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून २००० जोड करून घेण्याचा करार जाहीर झाला. त्या जोडाची किंमत सुमारे ८०० युरो असेल, अशा बातम्या तेव्हा आल्या. चप्पल तीच, कष्टही तेच. पण ती कोणी आणि कोठे केली हे सांगणारा कागद सोबत नसला, तर दुसऱ्या कोणाच्याही नावाने ती उभी राहू शकते, हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले. आमच्या खोक्याचे पहिले काम हा कागद होण्याचे आहे, असे मला मनापासून वाटते.

मोठ्या कंपन्यांनी हे कसे साधले याचा मी थोडा अभ्यास केला. पॅरिसच्या हर्मेसचे नारिंगी खोके जगभर ओळखले जाते, पण तो रंग आवडीने निवडलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेहमीचा पुठ्ठा मिळेना, तेव्हा पुरवठादाराकडे शिल्लक राहिलेला नारिंगी पुठ्ठा वापरावा लागला आणि पुढे तोच कायम झाला. एक साधा रंग वर्षानुवर्षे न बदलता वापरत राहिल्याने ओळख तयार होते, महागड्या छपाईने नव्हे, असे मी त्यातून समजतो. याहून उपयोगी उदाहरण प्यूमाचे वाटले. डिझायनर ईव्ह बेहार यांनी २०१० मध्ये त्यांच्यासाठी बुटांचे जे वेष्टन आखले, त्यात पुठ्ठ्याचा एकच सपाट तुकडा घडी घालून सांगाडा केला होता आणि झाकणाच्या जागी पुन्हा वापरता येणारी पिशवी होती. त्यामुळे पुठ्ठा ६५ टक्के कमी लागतो, असे कंपनीने सांगितले. अमेरिकेत लेग्ज या पायमोज्यांच्या ब्रँडने १९६९ मध्ये प्लास्टिकच्या अंड्यातून मोजे विकून मोठे नाव मिळवले. मात्र प्लास्टिकच्या कचऱ्याची ओरड झाल्यावर १९९१ मध्ये त्यांनाही पुठ्ठ्याकडे वळावे लागले. चमत्कृती लक्ष वेधून घेते हे खरे, परंतु ग्राहकाच्या घरी गेल्यावर त्या वस्तूचे काय होणार, याचा विचार आधीच व्हायला हवा.

आता आमच्या अडचणींकडे येतो, कारण मला खरी मदत येथेच लागणार आहे.

कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते आणि चप्पल मऊ राहावी म्हणून तिला तेल लावलेले असते. हे तेल कागदात उतरते, त्यामुळे पांढरा टिश्यू कागद किंवा आतून पांढरे असलेले खोके काही दिवसांतच डागाळते. प्लास्टिकमध्ये बंद केली तर पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. चामड्याला हवा लागली पाहिजे आणि बाहेरचा दमटपणा मात्र आत येता कामा नये, अशी ही दुहेरी गरज आहे. बटर पेपरचा एक थर, सिलिका जेलची पुडी आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंना छोटी भोके, एवढे पुरेल का? सागरी हवामानात, म्हणजे मुंबई, कोकण किंवा गोव्यात माल पाठवणाऱ्यांचा अनुभव या बाबतीत विशेष मोलाचा ठरेल.

दुसरी अडचण कानांची, म्हणजे चपलेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चामड्याच्या पातळ पाकळ्यांची आहे. कानाच्या चपला एकावर एक दाबून भरल्या की कान मुडपतात आणि ती घडी पुढे जात नाही. खोके मोठे केले तर कुरिअरचा खर्च वाढतो, कारण बहुतेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असल्यास त्यावर आकार घेतात. ३० × २५ × १० सेंटिमीटरचे खोके दीड किलोचे धरले जाते. तेच ३० × १८ × ९ सेंटिमीटरमध्ये बसवता आले तर एक किलोच्या आत राहते. दोन चपला उलटसुलट दिशेने ठेवून मध्ये पुठ्ठ्याचा पडदा घालावा, असे माझ्या मनात आहे. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, करून घेण्याआधी ही रचना कोणी तपासून दिली तर फार बरे होईल.

सध्याची कल्पना अशी आहे: तपकिरी क्राफ्ट पुठ्ठ्याचे, गोंद न लावता घडीने बंद होणारे खोके, त्यावर एकाच रंगाची स्क्रीन छपाई, आणि आत सुती पिशवी. पावसाळ्यात बरेच लोक कोल्हापुरी पायात घालत नाहीत, जपून ठेवतात. तेव्हा ही पिशवी त्यांच्या खरोखर उपयोगाची होईल आणि तिच्यावरचे नावही टिकून राहील. चपलेवरच्या गोंड्याचा लाल रंग हाच आमचा कायमचा रंग ठेवावा आणि पिशवीच्या नाडीला तसाच गोंडा लावावा, असे वाटते. पिशवीचे वेगळे पैसे मात्र घ्यायचे नाहीत. आपले नाव छापलेली कागदी पिशवी ग्राहकाला विकत दिल्याबद्दल २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने एका पादत्राण कंपनीला दंड केला होता, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. ग्राहकाने आपली जाहिरात मिरवायची आणि वर तिचे पैसेही भरायचे, हे न्याय्य नाही.

खोक्यावरील मजकुराबद्दलही शंका आहेत. उत्पादकाचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, वस्तू तयार केल्याचा महिना व वर्ष, माप आणि तक्रारीसाठी संपर्क, ही माहिती २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार द्यावी लागते, हे ठाऊक आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशात होणाऱ्या वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. हे मानांकन मिरवण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि मामांची नोंदणी अजून व्हायची आहे. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने कारागिराची माहिती देणारा क्यूआर कोडही सुरू केला आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराने या दोन्हींसाठी कोणत्या क्रमाने अर्ज करावा आणि तोपर्यंत खोक्यावर नेमके काय लिहिलेले चालेल, हे कोणी सांगू शकेल का?

जाहिरातीत प्राडाचे नाव वापरावे, असा सल्ला अनेकांनी दिला आहे. मला तो पटत नाही. दुसऱ्याच्या नोंदणीकृत नावाचा तो गैरवापर ठरेलच, शिवाय ज्या नावामुळे कारागीर झाकला गेला होता त्याच नावाचा आधार घेणे मला अपमानास्पद वाटते. त्याऐवजी चामडे कापण्यापासून वेणी बसवण्यापर्यंतचे छोटे व्हिडिओ करावेत आणि प्रत्येक खोक्यात करणाऱ्याच्या सहीचे कार्ड ठेवावे, अशी योजना आहे. अशा कार्डावर मराठीसोबत इंग्रजी मजकूर किती असावा, याबाबत परदेशात माल पाठवणाऱ्यांचे मत हवे आहे.

पहिली तुकडी ३०० खोक्यांची करायची आहे. कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजी परिसरात इतक्या कमी नगांचे डाय-कटिंग, स्क्रीन छपाई आणि सुती पिशव्या करून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. खोक्याचे कच्चे रेखाटन आणि चपलेची मापे मी मागणाऱ्यांना लगेच पाठवीन.