शब्दचर्चा: 'फाउंड फॅमिली'ला मराठीत काय म्हणाल?

तिरकी_रेघ:

एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. सुपरहिरोंच्या विनोदी सिनेमांत कुठेच न बसणारी चार-पाच पात्रं नाइलाजाने एकत्र येतात, तासभर भांडतात आणि शेवटी त्यांचं घर होऊन बसतं, त्याबद्दल. मुख्य भर 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी'वर (तीन भाग: 2014, 2017, 2023), सोबत 'शझॅम' (2019). इंग्रजीत या प्रकाराला 'फाउंड फॅमिली' म्हणतात. मी 'सापडलेलं कुटुंब' असं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "कुठे हरवलं होतं?"

तेव्हापासून लेख तिथेच अडकलाय. संपादकांनी 'परिवार' सुचवलंय. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. मदत करा.

कोशकिडा:

आईंनी दोन शब्दांत निकाल लावलाय. मराठीत 'सापडणे' हे हरवण्याचं उत्तर आहे. हरवलेली किल्ली सापडते, हरवलेला मुलगा सापडतो. त्यामुळे आपल्या कानाला 'सापडलेलं कुटुंब' म्हणजे 'अमर अकबर अँथनी' (1977). लहानपणी ताटातूट झालेले तीन भाऊ मोठेपणी भेटतात, आणि सापडतं ते रक्ताचंच नातं. इंग्रजी शब्दाचा अर्थ याच्या बरोबर उलट आहे. जे कधी आपलं नव्हतंच ते मिळालं, असा.

'गवसलेलं' म्हणता येईल. पण ते कवितेत शोभतं, लेखात जरा अत्तर लावून आल्यासारखं वाटतं.

रॅकूनप्रेमी:

काका, गंमत बघा, 'शझॅम'मधली बिलीची गोष्ट अक्षरशः जत्रेतच सुरू होते! बिली नावाचा पोरगा नाताळच्या जत्रेत आईपासून हरवतो. आईने जिंकून दिलेलं छोटं होकायंत्र वर्षानुवर्षं जवळ ठेवतो, एकामागून एक सांभाळणाऱ्या घरांतून पळून जातो आणि आईला शोधत राहतो. हिंदी सिनेमा असता तर शेवटी होकायंत्र बघून आईने हंबरडा फोडला असता. इथे आई खरंच सापडते, दार अर्धं उघडून उभी राहते आणि तिला ते होकायंत्र आठवतही नाही. तो हरवला नव्हताच. पोलिसांजवळ उभा असलेला तिने पाहिला होता आणि ती निघून गेली होती.

मग तो परत जातो ते फिलाडेल्फियातल्या त्या गजबजलेल्या घरात. तिथली पाच पोरं आणि त्यांना सांभाळणारं जोडपं. ते जोडपंही लहानपणी असंच दुसऱ्यांच्या घरी वाढलेलं.

तिरकी_रेघ:

बाप रे, हे मी दोनदा पाहूनही जत्रेशी जोडलं नव्हतं. म्हणजे सापडतं ते कुटुंब नसतं, आणि जे कुटुंब असतं ते सापडलेलं नसतं. हे लेखात घेणार. (श्रेय तुला. दिवाळी अंकाची एक प्रतही, मला मिळाली तर.)

मधली_सुट्टी:

'सापडणे'चा दुसरा अर्थ विसरताय तुम्ही सगळे. तावडीत सापडणे, कचाट्यात सापडणे, पावसात सापडणे. 'गार्डियन्स' त्या अर्थाने शंभर टक्के सापडलेले आहेत. क्विलवर (पृथ्वीवरून पळवलेला पोरगा) इनाम आहे म्हणून रॉकेट (बोलणारा रॅकून) आणि ग्रूट (चालतं झाड) त्याच्या मागे, क्विलजवळचा गोळा हवा म्हणून गमोरा त्याच्या मागे, आणि तुरुंगात गेल्यावर ड्रॅक्स गमोराचा गळा धरायला टपलेला. एकमेकांच्या तावडीत सापडलेलं कुटुंब. आमच्या एकत्र कुटुंबाचीही व्याख्या हीच आहे, असो.

बटव्यातली_सुपारी:

अगं, इतकं कशाला शोधता? 'मानलेलं' आहे की. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली लेक. माझ्या सासूबाईंचा मानलेला भाऊ शेवटपर्यंत भाऊबिजेला यायचा. त्याचा धर्म वेगळा, गाव वेगळं. सख्खे दोघे मात्र शेताच्या बांधावरून बोलत नव्हते. जुनी माणसं 'धर्माचा भाऊ' असंही म्हणायची. हिंदीत याला 'मुँहबोला' म्हणतात, म्हणजे तोंडाने म्हटलेला. आपल्याकडे तोंडाचं काम नाही, मनाने मानावं लागतं. मानलं तर देव, नाहीतर दगड.

कोशकिडा:

ताई, अगदी योग्य शब्द. पण एक अडचण आहे. 'मानलेला' नेहमी जोडीने येतो: माझा मानलेला भाऊ, तिची मानलेली बहीण. एकाने एकाला मानायचं. पाच जणांनी मिळून एकमेकांना मानलं तर त्या घोळक्याला काय म्हणायचं? 'मानलेलं कुटुंब' मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आपल्याकडे नात्याला शब्द आहे, समूहाला नाही.

शिवाय 'कुटुंब' शब्दालाही इतिहास आहे. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" म्हणणाऱ्याच्या कुटुंबात एकच व्यक्ती असायची. 'फॅमिली'चंही आपण तेच केलं. "फॅमिलीला आणलं नाही का?" म्हणजे बायकोला.

रॅकूनप्रेमी:

'गार्डियन्स'च्या दुसऱ्या भागात गमोराची बहीण नेब्युला वैतागून म्हणते की तुम्ही सतत एकमेकांवर ओरडता, तुम्ही मित्र नाही आहात. ड्रॅक्स शांतपणे म्हणतो, बरोबर, आम्ही फॅमिली आहोत. इथे 'मानलेलं' चालणार नाही ना? 'मानलेलं' फार गोड आहे. राखी, ओवाळणी, पेढा. ही माणसं एकमेकांवर बंदुका रोखतात.

मधली_सुट्टी:

ओरडण्यावरूनच जर फॅमिली ठरत असेल तर मराठीत शब्द तयार आहे: भाऊबंदकी. जगात कुठल्या भाषेने नात्याच्या शब्दाचाच अर्थ 'भांडण' करून ठेवलाय का, बघायला हवं. नेब्युला आणि गमोरा, एकाच बापाने पळवून आणून झुंजवलेल्या दोन बहिणी. शुद्ध भाऊबंदकी. बहिणींची असली म्हणून काय झालं.

तिरकी_रेघ:

त्याच भागातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली आहे. क्विलचा खरा बाप ईगो, स्वतःच एक जिवंत ग्रह. त्यानेच क्विलच्या आईच्या डोक्यात गाठ पेरलेली. आणि ज्याने क्विलला पळवलं, चोऱ्या करायला शिकवलं, 'माझी माणसं तुला खाणार होती, मी वाचवलं' म्हणून वर्षानुवर्षं ऐकवलं, तो निळा यॉन्डू. शेवटी एकच अंतराळपोशाख उरतो आणि तो यॉन्डू क्विलवर चढवतो. त्याच्या आधी यॉन्डू म्हणतो की ईगो तुझा 'फादर' असेल, पण तुझा 'डॅडी' नव्हता. 'वडील' आणि 'बाबा' असं केलं तर कोणी रडणार नाही.

बाभूळबन:

जन्मदाता आसंल तो तुझा. बाप नव्हता.

तिरकी_रेघ:

झालं. याहून चांगलं होणार नाही.

कोशकिडा:

खरंच नाही होणार. यावर एक भर: शाळेतल्या नोटिशीत आपण आईबापांना 'पालक' म्हणतो. शब्द शब्दशः घेतला तर जन्माशी त्याचा संबंधच नाही, पाळतो तो पालक. ईगो जनक, यॉन्डू पालक. पालकसभेला यॉन्डूच आला असता, आणि बाईंचं पाकीट मारून गेला असता.

सदाशिव_पुन्हा:

'वसुधैव कुटुंबकम्' हे असताना नवा शब्द हवाच कशाला?

कोशकिडा:

कारण त्यात अख्खी पृथ्वी आली. इथे फक्त पाच जण आहेत, आणि त्यातले बरेचसे पृथ्वीवरचे नाहीतच.

तिरकी_रेघ:

'परिवार' का नको ते कोणी सांगेल का? संपादकांना उत्तर द्यायचंय.

मधली_सुट्टी:

कारण पतसंस्थेच्या कॅलेंडरवर असतो तो परिवार. पगारवाढ नाकारताना साहेब म्हणतो तोही परिवार. दोन्ही ठिकाणी यॉन्डू नाही.

कोशकिडा:

आणि त्या शब्दात मधोमध कोणीतरी मोठा बसलेला असतो. देवळात मुख्य देव आणि भोवतीच्या परिवारदेवता. गार्डियन्समध्ये क्विल स्वतःला मुख्य देव समजतो, पण त्याचं कोणी ऐकत नाही. 'सगेसोयरे' मी सुचवणार होतो, पण 2024 च्या त्या मसुदा अधिसूचनेनंतर तो शब्द ऐकला की जातीचा दाखला डोळ्यांपुढे येतो. काही वर्षं त्याला विश्रांती द्यावी.

बाभूळबन:

आमच्याकडं 'गोत' म्हणतात. लगीन असलं की सगळं गोत गोळा होतं. 'गोतावळा' म्हणा. त्यात रक्ताचे, बिनरक्ताचे, शेजारचे, सालगडी, समदे येतात.

कोशकिडा:

शब्द सुंदर आहे, पण पोटात काटा आहे. 'गोत' आला 'गोत्र'वरून. मराठेशाहीत वाद मिटवायला गोतसभा बसायची. वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त देऊन परत 'गोतात घेत'. म्हणजे गोताला दार होतं आणि दारावर माणसं होती. ज्यांना कोणत्याच दारातून आत घेतलं नाही अशांच्या मेळ्याला हा शब्द द्यायचा?

बाभूळबन:

का नाही द्यायचा? ज्यांना गोताबाहेर टाकलं त्यांनी आपलं गोत केलं. शब्द त्यांनी का सोडून द्यावा?

तिरकी_रेघ:

बाभूळबनदादा, तुम्ही कमी बोलता आणि सगळं बोलता.

रॅकूनप्रेमी:

थांबा थांबा. गोत म्हटल्यावर आठवलं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' अशी म्हण आहे ना? दांडा लाकडाचा, म्हणजे झाडांच्याच गोताचा, आणि तोच झाडांवर उठतो. आता 'इन्फिनिटी वॉर' (2018) आठवा. थॉरची नवी कुऱ्हाड ओतून तयार आहे, पण तिला दांडा नाही, आणि थॉर मरायला टेकलाय. तेव्हा ग्रूट, जो स्वतः झाड आहे, हातातला खेळ खाली ठेवतो आणि आपलाच हात तोडून दांडा करून देतो!!

कोशकिडा:

…

इतकी वर्षं ही म्हण शिकवली. झाडाने आपखुशीने दांडा व्हावं ही शक्यता कधी मनात आली नाही. आणि वाचवलं कोणाला, तर जो त्याला नावाने हाक न मारता नुसतं 'झाड' म्हणतो त्याला. म्हणीतलं गोत जन्माचं आहे, ग्रूटचं गोत त्याने ठरवलेलं. ताई, 'गोत' घ्या. माझा काटा मी मागे घेतो.

बटव्यातली_सुपारी:

झाडावरून मला तुकोबा आठवले. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'. तुमच्या त्या सिनेमात एक झाड आणि एक वनचर आहेच म्हणे.

मधली_सुट्टी:

वल्ली तर पाचही आहेत.

रॅकूनप्रेमी:

आजी, रॉकेटला वनचर म्हणू नका, तो चिडतो. 😄 तिसऱ्या भागात कळतं की त्याला पिल्लू असताना पिंजऱ्यात घालून कापून-जोडून असा बनवलाय. पण त्याचं पहिलं गोत त्या पिंजऱ्यातलंच: पाणमांजर, वॉलरस आणि ससा, सगळे यंत्र जोडलेले. त्या सीनला मी थिएटरमध्ये काय झालो होतो ते सांगत नाही.

कोशकिडा:

तुकोबांच्या ओळीतला 'सोयरा' बघण्यासारखा आहे. सोयरा रक्ताचा नसतोच, तो सोयरिकीने होतो. त्यांना 'भाऊबंद' म्हणता आलं असतं, पण त्यांनी जुळवलेल्या नात्याचा शब्द घेतला.

आणि आता मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट. ग्रूट जन्मभर एकच वाक्य बोलतो, 'आय अॅम ग्रूट'. पहिल्या भागाच्या शेवटी यान कोसळताना तो सगळ्यांभोवती फांद्यांचं घरटं विणतो. रॉकेट रडत म्हणतो, तू मरशील, का करतोस हे? आणि ग्रूट त्या एकदाच 'आय'च्या जागी 'वी' म्हणतो. मराठीत हे कसं लिहाल?

तिरकी_रेघ:

मी लिहिलंय 'आम्ही ग्रूट आहोत'.

कोशकिडा:

नको! 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो. "आम्ही जेवायला निघालो" म्हणजे तू नाहीस. "आपण जेवायला जाऊ" म्हणजे तूही चल. इंग्रजीला हा भेद करता येत नाही, तिथे एकच 'वी'. ग्रूट जर रॉकेटला 'आम्ही ग्रूट' म्हणाला तर त्याने दार लावून घेतलं. त्याला म्हणायचंय 'आपण ग्रूट'.

बटव्यातली_सुपारी:

'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले'. तोच 'आप' की हो.

तिरकी_रेघ:

अंगावर काटा आला. बदलते आत्ताच.

ईस्टकोस्टची_मावशी:

उशिरा आले. इंग्रजीतही दोन शब्द आहेत. 'चोझन फॅमिली' हा समलिंगी समाजातून आला. घरच्यांनी हाकलल्यावर ज्यांना जवळ केलं ते कुटुंब. कॅथ वेस्टन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या अशा घरांवरचं पुस्तक 1991 चं. 'फाउंड फॅमिली' जास्त करून गोष्टींतल्या पात्रांबद्दल बोलताना वापरतात. फरक हा की निवडलेलं कुटुंब गरजेतून, समजून-उमजून उभं केलेलं असतं. रॉकेटने काही निवडलं नव्हतं, त्याच्या गळ्यात पडलं. म्हणून 'निवडलेलं' लिहू नका.

बाकी इकडे आमच्या मुलांना सगळे काका-मावशा मानलेल्याच. माझी लेक सात वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं मला अकरा बहिणी आहेत.

मधली_सुट्टी:

आणि 'डेडपूल 2'? तो तर सुरुवातीलाच सांगतो की हा कौटुंबिक सिनेमा आहे, आणि मग पडद्यावर मुंडकी उडतात.

तिरकी_रेघ:

तो तळटीपेत गेला. जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन जमवलेली त्याची टोळी पॅराशूटने उतरतानाच जवळजवळ सगळी मरते आणि ध्यानीमनी नसलेली माणसं उरतात. जमवलेली टोळी आणि जमलेलं गोत, एवढा एक फरक दाखवायला तो पुरेसा आहे.

तर ठरलं ते असं. शीर्षकात 'गोतावळा'. मजकुरात 'मानलेलं गोत', कारण मानणं पाहिजेच आणि समूहही पाहिजे. कोणी बोलत नाही असा जोडशब्द आहे, पण आई ऐकून "म्हणजे काय?" म्हणाली नाही. यॉन्डूचं वाक्य बाभूळबनदादांचं, 'आसंल'सकट. संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलंय: "गोतावळा चालेल. पण 'मिसफिट'ला तुम्ही 'विसंगत व्यक्तिमत्त्वे' लिहिलंय, ते बदला."

कोशकिडा:

'ओवाळून टाकलेले'.

रॅकूनप्रेमी:

'अवली'!

बटव्यातली_सुपारी:

नवा धागा काढा गं. इथे स्क्रोल करून अंगठा दुखला.

बाभूळबन:

येकेक नग.