आधी आकाराचा हिशेब, मग खरेदी

स्कायडायव्हिंगमधील आठ वर्षांच्या खंडानंतर आपले जुने १५० चौरस फुटांचे पॅराशूटच वापरावे का, या आपल्या प्रश्नावर इतरांच्या प्रतिसादांचा भर कापडाच्या वयावर आहे. मला मात्र आधी आकाराचा हिशेब मांडावासा वाटतो. आपण सांगितलेले ८५ किलो वजन आणि सामग्रीचे सुमारे १२ किलो मिळून ९७ किलो, म्हणजे जवळपास २१४ पौंड होतात, आणि १५० चौरस फुटांवर हा भार दर चौरस फुटाला १.४ पौंडांच्या वर जातो, जो नियमित उड्या मारणाऱ्यालाही चुकीला फारशी सवड देत नाही. २१० चौरस फुटांवर तोच भार १ पौंडाच्या आसपास येतो. राखीव पॅराशूटलाही हाच हिशेब लावावा, कारण ते उघडायची वेळ येते तेव्हा उतरण्याची जागा बहुधा मनाजोगती नसते.

जुना संच ठेवायचाच असेल, तर दोऱ्या रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासून दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडून, मोजून घ्याव्यात. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडी चौकोनाच्या) घर्षणाने तापून आखडतात. सुकाणूच्या, म्हणजे हाताने ओढून पॅराशूट वळवायच्या, दोऱ्या आखडल्या की हात पूर्ण वर असतानाही पॅराशूट ब्रेक लावल्यासारखे उडते, आणि दोष मात्र आपण स्वतःच्या विसरलेल्या कौशल्याला देत बसतो. स्वयंचलित उघडणी यंत्राची, म्हणजे गरज पडल्यास राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या यंत्राची, मुदतही तपासावी.

तूर्त मात्र खरेदी थांबवून, प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या उड्या भाड्याच्या मोठ्या पॅराशूटवर माराव्यात, आणि त्याआधी त्याच भाड्याच्या संचाच्या हँडलांवर मुख्य पॅराशूट सोडून राखीव उघडण्याचा सराव जमिनीवर करावा.