मदत हवी आहे : आईला एकटीला न्यूयॉर्कला पाठवायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. ताईच्या बाळंतपणासाठी आई (वय ६४, गुडघेदुखी) पहिल्यांदाच विमानात बसणार, तीही एकटी. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किमी. थेट विमानाला १५-१६ तास लागतात. दुबईमार्गे आधी ३ तास, मग पुन्हा १४, शिवाय मधला थांबा. तिकीट स्वस्त पडतंय, पण आईला इंग्रजी-हिंदी दोन्ही बेताचंच. मला थेटच बरं वाटतं. बाबा म्हणतात, दुबईत जरा पाय मोकळे होतील. कुणाच्या आई-बाबांनी असा प्रवास केलाय का? व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची ना? आणि विमान पहाटेचं असेल तर सांगलीहून किती वाजता निघावं? आई मात्र डिंकाच्या लाडवांच्या वजनाच्या काळजीत आहे!