नळाला करंट येणारा गिझर: सोडवून ठेवायचा की चालू ठेवून निघायचं?

वायरिंगवाला_आर्वी

खेड्यात गिझरसाठी बोलावणं येतं ते बहुतेक वेळा ‘नळाला हात लावला की झिणझिण्या येतात’ म्हणून. आत चित्र ठरलेलं. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर, त्याला पुढच्या खोलीच्या बोर्डातून ओढलेली १ चौरस मिमीची वायर, ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर घालून बसवलेला १६ चा पिनटॉप (प्लग), आणि अर्थच्या छिद्रामागं एकतर काहीच नाही किंवा न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला मारलेला लूप, म्हणजे तारेचा तुकडा. मालकाचं म्हणणं, ‘घरी पाहुणे आहेत, तेवढा करंट बंद करून द्या. बाकीचं कापूस विकल्यावर पाहू.’

माझं मत असं की वायरमननं तो गिझर बोर्डापासून सोडवल्याशिवाय त्या घरातून निघू नये. ‘मी सांगितलं होतं’ एवढं पुरत नाही. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर. भिंतीत पाइपातून गेलेली १ ची वायर साधारण ११ च्या पुढं तापायला लागते, आणि सगळ्यात आधी जळतो तो कन्व्हर्टरमधला ढिला स्क्रू.

त्याहून वाईट तो न्यूट्रलचा लूप. तो मारला की झिणझिण्या थांबतात आणि घरातल्यांना वाटतं काम झालं. मग एक दिवस बोर्डातला न्यूट्रल सुटतो. तेव्हा फेज एलिमेंटमधून न्यूट्रलवर आणि तिथून लूपवाटे थेट गिझरच्या अंगावर येतो. गिझर बिघडलेला असायचीही गरज नाही. पाणी तापत नाही म्हणून माणूस ओल्या हातानं नळ चाचपायला जातो, तो नेमका याच वेळी.

आकोट_लाइन

भाऊ, तुमचं गणित बरोबर हाय, पन उपाय पटत नाही. तुमी गिझर सोडवून गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी काय होते? बादलीत हिटरचा रॉड पडते. त्याले पिन नसली तं वायरीची दोन टोकं सॉकेटात खुपसून काडीनं दाबतेत. घरची बाई पाणी तापलं का म्हनून बादलीत बोट घालून पाह्यते. गिझर निदान भितीवर तरी होता!

नकार देऊन आपले हात साफ राह्यतेत, धोका तेथंच राह्यते. मी म्हनतो त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला का सप्लाय तोडनारा स्विच) लावून द्या अन् गिझर चालू ठेवा. वायर अन् अर्थिंग मंग हप्त्याभरानं करा. मानूस तं वाचला पायजे ना जी.

निदेशक_विद्युत

आकोटवाल्या भाऊंचा क्रम मला पटतो, पण एक अट घालून. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी काम करते. गिझरच्या अंगावर फेज आला आणि माणसानं हात लावला की करंट त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट जुळत नाही आणि आरसीसीबी पडते. झटका बसतो, पण तो सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता.

अट लूपची. आरसीसीबीच्या पुढं कुठंही अर्थ आणि न्यूट्रल जोडलेले असतील, तर गळती करंट लूपमधून न्यूट्रलवर येतो आणि आरसीसीबीतूनच परत जातो. तिच्या हिशेबी सगळं जुळलेलं असतं आणि ती आंधळी होते. म्हणून आधी सॉकेट उघडून लूप काढायचा, मगच आरसीसीबी. ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर पडली याचा अर्थ तिची यंत्रणा चालते, इतकाच. लूप आहे की नाही हे त्या बटणाला कळत नाही, अर्थिंग आहे की नाही हेही कळत नाही.

अर्थिंग असलं म्हणजे आरसीसीबी नको, हाही गैरसमज आहे. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम धरा, गावात तो चांगलाच म्हणायचा. पूर्ण फेज गिझरच्या अंगावर आला तरी २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही आणि गिझरचं अंग जिवंत राहतं. तिथं आरसीसीबी असली तर १०० ओहमचा खड्डाही चालतो, कारण ३० मिलिअँपिअरला अंगावर ३ व्होल्टच येतात. आपल्या काळ्या मातीला हे फार लागू आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, अर्थिंग छान दाखवते. एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की पाइपाभोवतीची माती सुटते आणि रोध कितीतरी पट चढतो.

काळीमाती_यवतमाळ

फेज आणि अर्थिंगच्या मध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब लावून पाहतात, तो पेटला की ‘पास’. ही पद्धत बंद करा. पेटलेल्या बल्बचाच रोध ५३० ओहमच्या आसपास असतो. ५० ओहमचा खड्डा असला तरी त्याला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो.

बल्ब लावायचाच तर तोच वापरून मोजा. मेन बंद करून गिझरची आणि बाकीच्या सॉकेटांची हिरवी वायर खड्ड्याच्या वायरीपासून सोडवा, कारण बल्ब पेटलेला असताना त्या अर्थवर व्होल्ट चढतो. घरातला बाकी भार बंद ठेवा. खड्ड्याजवळ पोरं-जनावरं नकोत. आरसीसीबी असेल तर तिच्या अलीकडून, म्हणजे मीटरच्या बाजूनं, फेज घ्या, नाही तर ती लगेच पडेल. मग मेन चालू करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर धरून बल्बाआधी किती आणि बल्ब लावल्यावर किती ते पाहा. २० व्होल्ट वाढले आणि बल्ब ०.४ अँपिअर घेत असेल, तर ५० ओहम. यात डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगचा रोधही धरला जातो, म्हणून आकडा थोडा जास्तच येतो. ते बरंच आहे.

घरमालक_मोर्शी

दोन्हीकडचं वाचलं. पण माझ्या घरातली वस्तू मला न विचारता सोडवून ठेवण्याचा अधिकार वायरमनला कोणी दिला? काम न करणं हा त्याचा हक्क आहे, मान्य. बंद करायचं की नाही ते मालक ठरवेल. आणि ‘सगळी वायरिंग बदला’ म्हणून हजारोंचा आकडा ऐकवला की माणूस सरळ दुसऱ्याला बोलावतो. आधी काय, मग काय, आणि त्याचा खर्च किती, हे कागदावर लिहून द्या ना.

वायरिंगवाला_आर्वी

दादा, संमतीचा मुद्दा मान्य. न विचारता नाही. बोर्ड उघडून काळा पडलेला स्क्रू दाखवायचा, अर्थच्या छिद्रामागं काय आहे ते दाखवायचं आणि मालकासमोर सोडवायचं. मालक नाहीच म्हणाला तर तारीख टाकून तेच कागदावर लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. खरं सांगतो, सही मागितली की निम्मे लोक ‘ठेवा मग बंद’ म्हणतात.

क्रम माझा असा. मीटरनंतरच्या मेनपासून फक्त गिझरसाठी स्वतंत्र फेज आणि न्यूट्रल, २.५ चौरस मिमी तांबं, सोबत तेवढीच हिरवी वायर. सुरुवातीला १६ अँपिअरची एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरची दोन पोलची आरसीसीबी. न्हाणीच्या बाहेर २० अँपिअरचा डीपी (डबल पोल) स्विच, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. पुढं जोड पिनटॉपनं नाही, कनेक्टरनं. मेनपासून गिझर १५ मीटरवर असेल तर आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास, वायर आणि बाकी सामान धरून साधारण त्याच्या दुप्पट-तिप्पट. आख्ख्या घराची वायरिंग बदलायची गरज नाही.

मंजूर भार १ किलोवॅट असेल तर ३ किलोवॅटचा इन्स्टंट घेऊच नका. २ किलोवॅटचा टाकीवाला घ्या, पावणेनऊ अँपिअरमध्ये भागतं, आणि महावितरणकडे भार वाढवून घ्या.

आकोट_लाइन

हे वेगळ्या सर्किटचं बरोबर. जुन्या घरात आख्ख्या मेनवर आरसीसीबी लावली की पावसाळ्यात रोज पडते, अन् लोक वैतागून तिले तार मारून बायपास करतेत. दोन भावाच्या घराचा न्यूट्रल एकच असला तं बिलकुल टिकत नाही. गिझरपुरती लावली तं टिकते.

अन् आमच्या खारपाणपट्ट्यात एलिमेंटच लवकर जाते. खारं पानी एलिमेंटची नळी खाते, आतली पावडर ओली होते, मंग गळती सुरू. म्हनून आरसीसीबी पडली का तिले शिव्या देऊ नका. एलिमेंट सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजाचं मीटर) पाहा. १ मेगाओमच्या खाली आलं तं सरळ बदला. वाळवून परत बसवू नका, हप्त्याभरात तेच होते.

निदेशक_विद्युत

खरेदीबद्दल एक. आरसीसीबी इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे व्होल्टेजवर अवलंबून नसलेली घ्या. स्वस्तातल्या काही इलेक्ट्रॉनिक असतात आणि न्यूट्रल तुटला की त्यांचं सर्किटच बंद पडतं. गावात खांबावरचा न्यूट्रल ढिला होणं नवीन नाही. ते दिसलं तर स्वतः खांबावर चढू नका, १९१२ वर तक्रार द्या.

‘कमी व्होल्टेजमुळं वायर जळली’ असंही गिझरबाबत सांगतात. ते मोटारीचं खरं, गिझरचं नाही. १८० व्होल्टला ३ किलोवॅटचा गिझर १० अँपिअरच घेतो. रात्री कृषिपंप बंद असताना २५० व्होल्ट आले की १४ च्या वर जातो. म्हणून जळकट वास पहाटेच्या आंघोळीला येतो.

काळीमाती_यवतमाळ

गिझर सोडवल्यावर ‘तोवर गॅस गिझर लावा’ असा सल्ला कोणी देऊ नये. बंद न्हाणीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. तोवर चुलीवरचं पाणी बरं.

आकोटभाऊ, एका मुद्द्यावर मात्र मी आर्वीकडूनच. आरसीसीबी लावून जुनी १ ची वायर ‘हप्त्याभरासाठी’ ठेवायची नाही. आरसीसीबी जास्त भार ओळखत नाही, आणि मागं ३२ ची एमसीबी किंवा जाड तारेचा फ्यूज असेल तर ती वायर जळेपर्यंत काहीच तुटणार नाही. त्या दिवशी फक्त आरसीसीबीचेच पैसे असतील तर ती लावा, लूप काढा आणि वायर बदलेपर्यंत गिझर बंद ठेवा.

आकोट_लाइन

१० ची एमसीबी लावून २ किलोवॅटचा गिझर असन तं चालू ठेवीन. ३ चा असन तं बंद. एवढं मान्य.