पेन्शनीतले चित्रकार अन् आमचं पोट

कुंचला_दारव्हा:
विषय कडू आहे, सांभाळून घ्या. आमच्या भागात सध्या जो रिटायर होते तो चित्रकार होऊन राहिला. 58 व्या वर्षी नोकरी सुटली, ग्रॅच्युइटी आली, की रंगाचा डबा आणून कलाकार. हौसेला माझी ना नाही. पण मी एटीडी, म्हणजे ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा, केलेला माणूस, ड्रॉइंग टीचरची नोकरी काही लागली नाही, म्हणून झेडपी शाळांच्या बोलक्या भिंती, म्हणजे अभ्यासाची चित्रं काढलेल्या भिंती, अन् दुकानांचे बोर्ड यावर घर चालते. एका शाळेचं काम ठरल्यातच जमा होतं, भिंती मोजून झाल्या, पुट्टी किती लागंल तेही सांगितलं, अन् एक माजी गुरुजी म्हणले मी फुकट करून देतो. हेडमास्तर तरी काय करतील! आता तिथं ग्रहमालेच्या चित्रात शनीची कडी गुरूला घातलेली आहे अन् पोरं तेच पाहून राहिले. माझं म्हणणं एवढंच, उतारवयात कलाकार व्हायचं तर खुशाल व्हा, पण फुकट नका करू.

निवृत्त_खडू:
तो गुरुजी मी नव्हे बरं का. पण राग चुकीच्या माणसावर काढताय. शाळेकडं पैसा नसतो म्हणून फुकटचा माणूस लागतो. आणि उशिरा सुरू करणाऱ्याला एवढं हिणवू नका. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा घ्या, जन्म मजुरीत गेला, नवरा वारल्यावर साठी उलटलेली असताना ब्रश धरला आणि 2023 ला पद्मश्री. त्यांना कोणी विचारलं का डिप्लोमा कुठला म्हणून?

कुंचला_दारव्हा:
सर, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. त्या बाईची चित्रं विकल्या गेली. पेन्शन नव्हती त्यांना.

झाडीचा_गडी:
आमच्याकडं गडचिरोली-चंद्रपुरात हा वादच उलटा आहे भाऊ. आधी नोकरी मग कला असं इथं नसतेच, दोन्ही संगंच चालते. परशुराम खुणे, आमच्या इकडच्या झाडीपट्टी नाटकातले नट, झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतेत त्यांना, त्यांनाही 2023 लाच पद्मश्री भेटली, अन् माणूस शेतकरी. दिवाळी झाली, धान निघाला का वडस्याच्या नाटक कंपन्या गावोगावी सुटतेत, मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी रात्रभर नाटक अन् सकाळी तोच नट बांधावर. पण नाईट, म्हणजे एका रात्रीच्या खेळाचे पैसे, ठरल्याबिगर कोणी तोंडाला रंग लावत नाही, मग तो नवा असो का रिटायर झालेला पटवारी असो. त्याच्यामुळं कोणाचं पोट मारल्या जात नाही. तुमच्याकडं भिंतीचा रेट ठरवणारं कोणी नाही, दुखणं ते आहे, गुरुजीचं वय नाही.

जवस_अन्_टर्पेंटाइन:
मले दोघांचंही अर्धंच पटते. मी एएनएम, म्हणजे नर्स, होते, आता ऑइलमध्ये काम करते, म्हणजे सून ड्यूटीवर गेल्यावर नातू झोपला की जेवढं होते तेवढं, बाप्यांसारखं सकाळी चहा घेऊन इझलसमोर बसणं आमच्या नशिबात नाही, असो. सांगायचं हे की हौस पुरत नाही, माहिती लागते. आपल्याकडं जवस पिकते म्हणून लोकं घाण्यावरचं तेल तसंच रंगात घालतात. ते तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, अन् थर जाड असला की वरून पापुद्रा धरते, आत बोट बुडंल इतकं ओलं राहते. त्यात उन्हाळ्यातली धूळ बसली की झालं. त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात, हे किती जणांले माहीत आहे? हे मले एका एटीडीवाल्या पोरानं शिकवलं, फी घेऊन. रिटायर लोकांनी भिंती फुकट रंगवण्यापेक्षा अशा पोरांकडं पैसे देऊन शिकावं, पोराचं घर चालंल अन् शनीची कडीही जागेवर राहील.

निवृत्त_खडू:
ताई, हे पटलं. पण साठीच्या माणसाला पंचविशीतल्या पोरासमोर पाटी घेऊन बसायला जड जातं, हेही खरं.

कुंचला_दारव्हा:
जड जाऊ द्या सर, मी खुर्ची देतो. शनिवार-रविवार बॅच, महिन्याचे पाचशे, कागद तुमचा.

झाडीचा_गडी:
पाहजो भाऊ, पुढच्या महिन्यात कोणीतरी रिटायर माणूस क्लासही फुकट काढंल.