आधी इनिट_नोड की आधी पब्लिशर?

गिअरबॉक्स: रॉस म्हणजे रोबोतले छोटे प्रोग्रॅम (नोड) एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर. रॉस १ च्या अधिकृत टॉकर उदाहरणात पब्लिशर (संदेश पाठवणारा) आधी आणि इनिट_नोड (नोडला नाव देऊन सुरू करणारं फंक्शन) पुढच्या ओळीत आहे. तरी नवशिक्यांना इनिट_नोड पहिलंच लिहायला शिकवावं, असं माझं मत. त्याआधी पब्लिश() केलं की रॉसपाय (रॉसची पायथन लायब्ररी) एक्सेप्शन फेकतं. आत्ताची वेळ देणाऱ्या टाइम.नाऊ()चंही तेच.

ढिला_नट: शिकवा, पण त्या उदाहरणाला नावं ठेवू नका. आधी केलेला पब्लिशर रॉसपाय स्वतःकडे ठेवतं आणि इनिट_नोड झालं की मास्टरकडे (कोण काय पाठवतं याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) नोंदवतं. खरी गोम पुढे आहे. सबस्क्राइबरला (संदेश घेणाऱ्याला) पत्ता मिळून टीसीपी जोडणी होईपर्यंत तुमचा पहिला संदेश गेलेला असतो. एरर नाही, वॉर्निंग नाही.

गिअरबॉक्स: टॉपिकला (संदेश ज्या नावाने जातात त्याला) '~स्टेटस' असं खासगी नाव देऊन बघा. नोडचंच बारसं झालेलं नाही, तर टिल्डच्या (~) जागी काय घालणार? सरळ व्हॅल्यूएरर. रॉससीपीपीमध्ये (रॉसची सी++ लायब्ररी) रॉस::इनिट()आधी नोडहँडल (नोड वापरायचा दुवा) बनवला की प्रोग्रॅम तिथेच आडवा. रॉस २ मध्ये क्रिएट_पब्लिशर ही नोडचीच मेथड, त्यामुळे उलटा क्रम लिहिताच येत नाही.

ढिला_नट: टिल्डचं मान्य. पण क्रम बरोबर लावूनही संदेश पोचत नाही, मग लोक खाली स्लीप(१) ठोकतात. लॅपटॉपवर चालतं, वायफायवरच्या रोबोवर कधी चालतं, कधी नाही. त्यापेक्षा गेट_नम_कनेक्शन्स() (किती सबस्क्राइबर जोडलेत तो आकडा) शून्याच्या वर जाईपर्यंत दर ०.१ सेकंदाला तपासा. इज_शटडाउनही (नोड बंद होतोय का) बघा आणि ५ सेकंदांनी नाद सोडा.

पाना१३: एवढी यातायात कशाला? लॅच=ट्रू करा, शेवटचा संदेश धरून ठेवला जातो आणि उशिरा जोडणाऱ्यालाही मिळतो. एकच संदेश पाठवणारी रॉसटॉपिक पब -१ ही कमांडसुद्धा संदेश ३ सेकंद लॅच करूनच धरतं.

ढिला_नट: नकाशाला खुशाल करा. सीएमडी_व्हेलला (रोबोला वेगाचा हुकूम देणारा टॉपिक) चुकूनही नको! मोटर ड्रायव्हरचा नोड पडून पुन्हा उठला की शेवटचा शिळा वेग त्याच्या हातात पडतो आणि चाकं फिरायला लागतात. रॉस २ मध्ये लॅचऐवजी ट्रान्झियंट लोकल ही सेटिंग, तेही दोन्हीकडे हवं. फक्त सबस्क्राइबरला ठेवलं आणि पब्लिशर व्होलाटाइल (जुना संदेश न धरणारा) राहिला, तर जोडणीच होत नाही.

गिअरबॉक्स: हे पटलं. मात्र तुमच्या त्या लूपमध्ये थांबायला रॉसपाय.स्लीप नको, पायथनचं साधं टाइम.स्लीप घ्या. यूज_सिम_टाइम (खऱ्या घड्याळाऐवजी सिम्युलेटरची वेळ वापरायची सेटिंग) चालू असेल आणि ती वेळ देणाऱ्या /क्लॉक टॉपिकवर कोणी काही पाठवत नसेल, तर नाऊ() शून्यावरच राहतं, रॉसपाय.स्लीप अडकून बसतं, आणि ती ५ सेकंदं कधी संपतच नाहीत.